इटालियन आणि मास कॉम एकाच पदवीत : तालुक्याच्या गावातून कसं जमवायचं

दर्यापूरच्या स्टँडबाहेर सकाळी आपे भरतात आणि खेड्यांकडे सुटतात. ‘आपे’ हा इटालियन शब्द आहे. अर्थ मधमाशी. पियाज्जो कंपनीनं 1948 साली ही तीनचाकी काढली. त्याआधी दोन वर्षं स्कूटर काढली होती, तिचं नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी. आपल्या रस्त्यांवरच्या आपे बारामतीत बनतात. इटालियन शिकायला येणाऱ्या पोरापोरींना मी पहिला शब्द हाच सांगतो, कारण तो त्यांना आधीपासून उच्चारासकट येत असतो.

दरवर्षी बारावीच्या निकालानंतर कोणी ना कोणी विचारतं, “सर, इटालियन बी शिकाचं आहे अन् मास कॉम बी कराचं आहे. ॲडमिशन कुठी घेऊ?” माझं उत्तर ठरलेलं आहे. दोन्हींचं नाव एकत्र असलेली पदवी शोधत बसू नका. पदवी संवादशास्त्राची, म्हणजे मास कॉमची घ्या, इटालियन तिच्या शेजारून रोज थोडं चालवा आणि शेवटच्या वर्षी एका प्रकल्पात दोघांची गाठ मारा. दिल्लीला राहणं घराला झेपत असेल तर गोष्ट वेगळी. दिल्ली विद्यापीठात इटालियनची बी.ए. ऑनर्स आहे आणि प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. पण ज्या घरात सोयाबीनचे पैसे आल्यावर फी भरली जाते, त्या घरासाठी पहिलाच रस्ता बरा.

पहिलं काम : कॉलेजच्या ऑफिसात विचारायचे प्रश्न

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीचे कप्पे पडले आहेत : मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीचा पेपर), कौशल्याचे पेपर, इंटर्नशिप. मास कॉम मेजर मिळालं तर सोन्याहून पिवळं. तालुक्याला ते बहुतेक नसतं. मग मराठी किंवा इंग्रजी साहित्य मेजर घ्या आणि पत्रकारितेचा जो पेपर मायनरमध्ये किंवा इलेक्टिव्हमध्ये मिळेल तो पकडा.

फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोणते कोर्स कॉलेज मान्य करतं? यूजीसीच्या 2021 च्या नियमानुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, पण कॉलेजनं कोर्स आधी मान्य केलेला असावा लागतो. दुसरं, इंटर्नशिप आणि फील्ड प्रोजेक्टचा विषय विद्यार्थ्यानं निवडायचा की सरांनी? तिसरं, ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन खातं कोण उघडून देणार? उत्तर “नंतर पाहू” असं आलं तर ते स्वतः डिजिलॉकरवरून उघडा. दहा मिनिटांचं काम आहे.

एप्रिल 2022 पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी दिली आहे. एक प्रत्यक्ष वर्गात आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन चालते. दोन्ही प्रत्यक्ष असतील तर वर्गांच्या वेळा आदळता कामा नयेत. मी मात्र हे कोणाला सुचवत नाही. एसटीच्या वेळेवर जगणाऱ्या मुलाला एक पदवीच पुरते.

इथं माझं एक दुःख सांगतो. मी शिकत होतो तेव्हा शहरातल्या एका खासगी क्लासनं ‘इटालियन डिप्लोमा’ म्हणून चांगले पैसे घेतले. रंगीत कागद मिळाला, सोनेरी शिक्का होता, पण तो कुठंच चालला नाही. म्हणून फी भरण्याआधी विचारा, “इथून मी कुठल्या परीक्षेला बसणार?” मान्यताप्राप्त परीक्षांची नावं मोजकी आहेत. सिएनाच्या विद्यापीठाची चिल्स, पेरुजाच्या विद्यापीठाची चेली आणि दान्ते अलिगिएरी संस्थेची प्लिदा. पातळ्या ए-1 पासून सी-2 पर्यंत सहा. क्लासवाल्याला यातलं एकही नाव सांगता आलं नाही तर चप्पल घाला आणि निघा.

दुसरं काम : इंग्रजीतून नव्हे, मराठीतून शिका

फुकट साहित्य नेटवर भरपूर आहे. वेल्स्ली कॉलेजचा एडेक्सवरचा प्राथमिक कोर्स चांगला आहे. पण ते सगळं इंग्रजीतून समजावलेलं असतं आणि तिथंच आपली पोरं दबकतात. खरं तर इंग्रजी बोलणाऱ्याला जे महिनाभर कळत नाही, ते आपल्याला घरात मिळालेलं आहे.

‘मला आवडतं’ घ्या. इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता होतो. इटालियनमध्ये, मराठीसारखंच, त्याला गोष्ट ‘आवडते’ : ‘मी प्याचे’. यातला ‘मी’ म्हणजे ‘मला’, एवढी गंमत लक्षात ठेवा. एका संत्र्याला ‘प्याचे’, अनेक संत्र्यांना ‘प्याच्चोनो’ : ‘मी प्याच्चोनो ले अरान्चे’, मला संत्री आवडतात. क्रियापद संत्र्यांप्रमाणे बदललं, माझ्याप्रमाणे नाही. वरूड-मोर्शीच्या पोराला हे समजावावं लागत नाही. आणि ‘अरान्चा’ हा शब्द आपल्या ‘नारंगी’चाच लांबचा नातेवाईक आहे. फारसी-अरबी करत तिकडे पोचला आणि वाटेत पहिला ‘न’ सांडला.

‘गेलो’ आणि ‘गेली’ही तसंच. मुलगा म्हणणार ‘सोनो अंदातो’, मुलगी म्हणणार ‘सोनो अंदाता’. पुण्याची मुलगी ‘मी गेले’ म्हणते, आपली वऱ्हाडी पोट्टी ‘मी गेली’ म्हणते. इटालियनला आपलीच जास्त जवळची. ‘पोळी खाल्ली, भात खाल्ला’ हा कर्माप्रमाणे होणारा बदलसुद्धा तिथं एका जागी सापडतो : ‘ती खाल्ली’ला ‘लो मांजाता’, ‘तो खाल्ला’ला ‘लो मांजातो’. ‘मी’, ‘तू’ गाळून नुसतं ‘जातो’ म्हणायची सवयही दोन्हीकडे आहे.

उच्चाराचं एकच पथ्य पाळा. इटालियन ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखे दाताचे आहेत. इंग्रजी शाळेत लागलेला ‘ट’ दाराबाहेर ठेवा. वही देवनागरीत लिहा, निदान पहिले दोन महिने. जोडाक्षर म्हणजे जोडाक्षरच. ‘पाला’ म्हणजे फावडं, ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. वय सांगताना ‘ओ वेन्ती आन्नी’, शब्दशः ‘माझ्याकडे वीस वर्षं आहेत’, असं म्हणतात. त्यातला एक ‘न’ गळला तर वर्षांच्या जागी शरीराचा असा भाग येतो की समोरचा इटालियन चहा सांडेल. रोमन लिपीत ‘सी’ला ‘एच’ जोडून आलं की उच्चार ‘क’ आणि ‘सी’पुढे ‘आय’ किंवा ‘ई’ आलं की ‘च’. इंग्रजीच्या बरोबर उलटं वाटतं, पण पंधरा दिवसांत बसतं.

त्रास कुठं होईल तेही सांगतो. नपुंसकलिंग नाही, त्यामुळे ‘घर’, ‘झाड’, ‘पुस्तक’ यांना पुल्लिंगी की स्त्रीलिंगी करायचं ते एकेक पाठ करावं लागतं. नामाआधी लागणारी उपपदं आपल्याकडे नाहीतच. दुसऱ्या वर्षातही ती चुकतात. चुकू द्या.

वेळ रोज चाळीस मिनिटं ठेवा. वीस ऐकणं, दहा मोठ्यानं वाचणं, दहा लिहिणं. रात्री गच्चीवर रेंज येते तेव्हा दुसऱ्या दिवसाचं डाउनलोड करून ठेवा आणि बसमध्ये ऐका. माझी आजी ऐकून म्हणायची, “काय मंत्र म्हनून राह्यला रे बापा?” या वेगानं तीन वर्षांत बी-1 गाठता येते. इटलीत इटालियनमधून पदवी घ्यायची तर साधारण बी-2 मागतात, हेही आत्ताच माहीत असू द्या.

तिसरं काम : मास कॉमच्या पेपरात इटली शोधा

इथं दोन्ही विषय एकमेकांना ओढायला लागतात. रेडिओच्या इतिहासात मार्कोनी येतो, तो बोलोन्याचा, नोबेल 1909 चं. हेजेमनीची, म्हणजे विचारांवरच्या वर्चस्वाची संकल्पना ज्याच्या नावानं शिकवतात तो ग्राम्शी स्वतः पत्रकार होता आणि तूरिनमध्ये भाषाशास्त्र शिकला होता. चिन्हमीमांसेचा, म्हणजे चिन्हांतून अर्थ कसा पोचतो त्या शास्त्राचा उम्बेर्तो एको 1954 साली राई या सरकारी प्रसारण संस्थेत कामाला लागला, प्राध्यापकी नंतरची. ‘गॅझेट’ हा शब्दसुद्धा व्हेनिसच्या एका नाण्याच्या नावावरून आलेला.

सेमिनारला विषय हवा असेल तर हा घ्या. 1861 साली इटली एक झाली, तेव्हा भाषातज्ज्ञ तुल्लिओ दे मावरो यांच्या अंदाजानुसार जेमतेम अडीच टक्के लोकांना इटालियन येत होती. बाकी सगळे आपापल्या बोलीत. 3 जानेवारी 1954 ला टीव्ही सुरू झाला आणि 1960 ते 1968 या काळात अल्बेर्तो मान्झी नावाचा शिक्षक टीव्हीवरून निरक्षर प्रौढांना लिहाय-वाचायला शिकवत होता. फळ्याजागी मोठा कागद, हातात कोळसा, बोलता बोलता चित्र काढायचा. घरी टीव्ही नसलेले लोक ठरवलेल्या जागी एकत्र जमून पाहायचे. याच्या शेजारी आकाशवाणी नागपूरचे शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम ठेवा, आईवडिलांच्या आठवणी रेकॉर्ड करा आणि वऱ्हाडी-प्रमाण मराठीचा प्रश्न त्यात आणा. परीक्षकाला असा पेपर वारंवार मिळत नाही.

चौथं काम : प्रकल्पात दोघांची गाठ

फील्ड प्रोजेक्ट असा निवडा की इटालियन काढलं तर तो कोसळेल. लोणारला किंवा ताडोब्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी माहिती करता येईल. माझी पसंती सेवाग्रामला. लांझा देल वास्तो हा इटलीत जन्मलेला माणूस 1930 च्या दशकात वर्ध्याला गांधीजींकडे येऊन राहिला. गांधीजींनी त्याला शांतिदास म्हटलं. पुढे 1948 साली त्यानं फ्रान्समध्ये आश्रमासारखी वस्ती वसवली. आदी निवास आणि बापू कुटी यांवर चार मिनिटांची ध्वनिफीत, एकदा मराठीत आणि एकदा इटालियनमध्ये, मोबाइलवर होते.

भाषांतर करताना खरं संवादशास्त्र सुरू होतं. साधी ‘भाकर’ घ्या. ‘पाने’ लिहिलं तर फुगलेला पाव डोळ्यांपुढे येतो. सर्वांत जवळची रोमान्या भागातली प्यादीना. तीही चपटी, तव्यावरची, खमीर नसलेली. म्हणून ‘ज्वारीची प्यादीना’, तिकडे ज्वारीला सोर्गो म्हणतात. पण प्यादीनात परंपरेनं डुकराची चरबी पडते! आश्रमातल्या भाकरीबद्दल हे गृहीत धरलं गेलं तर घोटाळाच. मग ‘फक्त पीठ आणि पाणी’ हे चार शब्द वाढवावे लागतात. असे दहा निर्णय का घेतले, ते दोन पानांत लिहा. फितीइतकीच ती दोन पानंही महत्त्वाची. मुलाखत इटालियन माणसाची घेतली तर ‘तू’ नको, आदराचं ‘लेई’ वापरा.

इंटर्नशिपला हीच फीत दाखवा. भाषांतर, सबटायटल, पर्यटन आणि इटालियन कंपन्यांची पुणे-बारामतीकडची ऑफिसं, अशा जागा आहेत. फार आहेत असं नाही. बी-1 वर थेट नोकरी मिळेल असं सांगणाऱ्याला वर सांगितलेला चपलेचा नियम लावा.

शेवटचं काम : परीक्षेचा फॉर्म

परीक्षा वर्षातून ठरावीक तारखांनाच होतात आणि केंद्रं मोठ्या शहरांत असतात. मुंबईच्या इटालियन सांस्कृतिक केंद्राकडे सहा महिने आधी चौकशी करा, मग विदर्भ एक्स्प्रेसचं बडनेऱ्याहून तिकीट काढा. फॉर्मवर नावासाठी दोनच रकाने असतात : ‘कोन्योमे’ म्हणजे आडनाव आणि ‘नोमे’ म्हणजे तुमचं नाव. वडिलांच्या नावाला वेगळी जागा नाही. पासपोर्टवर ते तुमच्या नावाच्या रकान्यात असेल तर दोन्ही मिळून ‘नोमे’मध्ये लिहा, स्पेलिंग पासपोर्टवरचंच. दहावीच्या मार्कशीटवर वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, कारण त्या कामाला परीक्षेपेक्षा जास्त महिने लागतात.