घोडीच्या प्रजननाचे काम शिकताना

पुणे परिसरातील थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांच्या प्रजनन केंद्रावर, काही हंगाम काढल्यानंतर, या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या पशुवैद्यक पदवीधरांना मी आग्रहाने सांगतो, की सोनोग्राफीच्या यंत्राआधी घोडी वाचायला शिका. पदवीच्या अभ्यासात गायी-म्हशींवर साहजिकच अधिक भर असतो, आणि तोच हिशेब घोडीला लावला की घोळ होतो. गाईचा माज जेमतेम दिवसभर टिकतो. घोडीचा ५ ते ७ दिवस चालतो आणि बीज सुटते ते माज संपण्यापूर्वीच्या एक-दोन दिवसांत. हे बीज काही तासच फलनक्षम राहते, शुक्राणू मात्र साधारण दोन दिवस तग धरतात, त्यामुळे घोडी बीज सुटण्याआधी फळवणे श्रेयस्कर. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला मान्यता नसल्याने एकाच नराच्या वाट्याला अनेक घोड्या येतात. वेळ हुकली, तर पुढची संधी बहुधा तीन आठवड्यांनी. म्हणून टीझर घोड्यासमोर (माज ओळखण्यासाठी घोडीजवळ आणला जाणारा नर) घोडी कशी वागते, हे रोज पाहावे लागते. शिंगरू पायाशी असलेल्या काही घोड्या माज लपवतात, हे जुने मोतद्दार आपल्याआधी ओळखतात.

दिवस मोठा होऊ लागला की घोडी नियमित माजावर येते, परंतु शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीच धरला जात असल्याने मालकांना शिंगरू वर्षाच्या आरंभीच हवे असते. गाभणकाळ सुमारे ११ महिन्यांचा असल्याने डिसेंबरपासूनच तबेल्यात दिवे लावून रोजचा उजेड १६ तासांपर्यंत नेतात.

गाभ न राहण्याचे खापर नरावर फोडण्याची घाई करू नये. पंधरा वर्षांपुढील घोडीचे बीज आणि गर्भाशय दोन्ही थकलेले असतात. फळवल्यानंतर गर्भाशयात साचलेला द्रव काहींना बाहेर टाकता येत नाही, आणि तिथे वेळीच दिलेले ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचित करणारे संप्रेरक) उपयोगी पडते.

पहिली गर्भतपासणी १४ ते १६ दिवसांत करावीच, कारण जुळी आढळल्यास त्यातील एक गर्भ याच काळात सहज काढता येतो. सुमारे ३५ दिवसांनंतर वारेशी संबंधित संप्रेरके स्रवू लागतात आणि मग गाभ गेला तरी घोडी लवकर माजावर येत नाही; हंगाम वाया जातो तो इथे.

व्यायल्यानंतर आठवडाभराने येणारा माज मोहात पाडतो. वार तीन तासांत पडली नसेल किंवा बाळंतपण अवघड गेले असेल, तर तो माज सोडून द्यावा, मालक कितीही मागे लागला तरी.