जुनी पद्मिनी घेताय? पत्रा तपासताना या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो आणि इंजिनाचा आवाज ऐकतो. पण इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं. खिसा खरा रिकामा करतो तो पत्रा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नाही. फ्लोअर, दारांखालच्या बंद पेट्या आणि खांब हाच तिचा सांगाडा. तिथे गंज लागला की प्रश्न दिसण्याचा उरत नाही, आत बसणाऱ्यांच्या जिवाचा होतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ताज्या रंगाला भुलणं. विकायच्या तोंडावर रंगवलेल्या गाडीपेक्षा उडालेल्या रंगाची, पोचे उघड दिसणारी गाडी मी केव्हाही बरी म्हणेन. तिच्यात काय आहे ते निदान दिसतं. गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी असताना बघा, कारण पाण्याने भिजलेल्या रंगावर पत्र्यातल्या लाटा लपतात. पत्र्याच्या रेषेत डोळा लावून तिरकं पाहिलं की खड्डे बुजवायला भरलेल्या पुट्टीचे उंचवटे कळतात. चाकांवरच्या कडांना किंवा दाराच्या तळाशी बारीक फोड असेल तर विक्रेता ‘वरवरचा आहे’ म्हणेल. तसं नसतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि रंगाला आतून उचलतो. फोड दिसेपर्यंत पत्रा बराच खाल्लेला असतो.

मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक मडगार्डच्या आणि दारांच्या खालच्या भागावर फिरवा. पकड सुटली तिथे जाड पुट्टी किंवा फायबर आहे. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो. एवढ्या जुन्या गाडीवर पुन्हा रंग चढलेला असणारच, त्यामुळे २०० ते ३०० ला घाबरू नका. हजाराच्या घरात आकडा गेला की मात्र खाली पुट्टी समजा. पण नुसत्या चुंबकावर विसंबणं हीही चूकच. गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून वेल्डिंग केलं असेल, तर चुंबक घट्ट चिकटतं आणि गंज मधल्या फटीत वाढत राहतो.

म्हणून गाडी उचलून बघायलाच हवी. दारांखालच्या पेट्या आतून कुजतात. तळाची पाणी निघायची भोकं मातीने बुजली की पावसाचं पाणी आतच राहतं. या पेट्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाजाच्या मध्येच ‘बद्द’ ऐकू आलं तर थांबा. मागचे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) बॉडीला जिथे जोडलेत ती जागा नीट पाहा. तिथली ठिगळं मला अजिबात चालत नाहीत. खाली ताजं काळं कोटिंग मारलेलं असेल, तर ते मारण्याआधीचे फोटो मागा. जॅक लावण्याच्या जागी चाक जमिनीवरून सुटेपर्यंत गाडी उचला आणि दार उघडून बंद करा. दार अडकू लागलं किंवा फट बदलली तर सांगाडा ढिला झालाय. जॅकवरच्या गाडीखाली मात्र कुणीही शिरू नये. त्यासाठी पिट किंवा लिफ्ट असलेलं गॅरेज गाठा.

आत आलात की मॅटिंग उचला, डिकीतलं स्टेपनी काढा, पुढच्या काचेच्या रबराखाली बोट फिरवा. ओल लागली तर फ्लोअरवर का गंज चढलाय ते तिथेच समजतं.

नंबर प्लेटवरून अंदाज बांधू नका. सोलापूर पासिंगची गाडी वीस पावसाळे अलिबागला खाऱ्या हवेत उभी राहिलेली असू शकते. जुनी बिलं आणि विम्याचे कागद मागा.

गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल आणि व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ती मूळ रूपात असावी लागते. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. तेव्हा बॉडीवर कोरलेला चेसिस नंबर आरसीशी ताडताना त्याच्या आजूबाजूला नवं वेल्डिंग आहे का तेही बघा. विक्रेता गाडी लिफ्टवर घेऊ देत नसेल, तर टोकन देऊ नका.