प्रायोजित संशोधनात या चुका टाळा: आधी कागद, मग काम

सोलापुरात कंपनीच्या पैशावरचं संशोधन बहुतेक वेळा ओळखीतून सुरू होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला कॉलेजचाच माजी विद्यार्थी निघतो, डाळिंबाच्या फवारणीचं औषध करणारी कंपनी थेट विभागप्रमुखांकडे येते, चहा होतो आणि "सर, तुम्ही सुरू तर करा, कागदाचं नंतर बघू" यावर बैठक उठते. पुढे जे बिघडतं ते बहुतेक या एका वाक्यापासून सुरू होतं. कोणती गोष्ट कशाच्या आधी करायची, एवढा क्रम जरी पाळला तरी पुढचा बराच मनस्ताप टळतो.

प्राध्यापकानेच करारावर सही करणे

प्रस्ताव तुम्ही लिहिलात आणि काम तुम्हीच करणार, म्हणून करारावर सहीही तुमचीच, असं नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार विद्यापीठाच्या वतीने करार करण्याचा अधिकार कुलसचिवांचा, तोही प्राधिकरणांच्या निर्णयाच्या अधीन राहून. संलग्न कॉलेजात तो प्राचार्यांकडे आहे की संस्थेच्या सचिवांकडे, हे संस्थेच्या ठरावात बघावं लागतं. विभागाच्या लेटरहेडवर परस्पर केलेल्या सहीमागे विद्यापीठ उभं राहीलच असं नाही, आणि वाद झाला की कंपनीचा वकील तुम्हाला व्यक्तिशः गाठतो. मुख्य संशोधकाने खाली "वाचलं, मान्य" एवढीच वेगळी सही करावी. फोटो काढून, शाल-श्रीफळ देऊन झालेला सामंजस्य करार म्हणजेही प्रकल्पाचा करार नव्हे. त्यात रक्कम, हप्ते, कामाची व्याप्ती यांपैकी सहसा काहीच नसतं. जुना मसुदा कॉपी करत असाल तर स्टँपही तपासा: ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात 100 चा स्टँप जाऊन 500 चा आला आहे.

निकालाची हमी देणे

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि सगळ्यात उत्साहाने केली जाते. प्रस्ताव मंजूर व्हावा म्हणून नवखा संशोधक मोठं वाक्य लिहितो आणि तेच वाक्य जसंच्या तसं करारात जाऊन बसतं.

टॉवेल रंगवणारं एक युनिट आणि एक विज्ञान महाविद्यालय यांच्यात असंच झालं. दोघांची नावं इथे नकोत. करारातलं उद्दिष्ट एका ओळीचं होतं: "डाईंगचं सांडपाणी पुनर्वापरायोग्य करणे." आता सुती टॉवेलवर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढवायला बाथमध्ये शेडनुसार लिटरमागे 40 ते 80 ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट पडतं, वर सोडा अ‍ॅश. लॅबने फेरस सल्फेट आणि चुन्याने रंग खाली बसवला. बीकरमधलं पाणी नितळ दिसू लागलं आणि अहवालात तसं लिहून गेलं. पण रंग गेला म्हणून मीठ जात नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) होता तिथेच राहिला, शिवाय चुन्यामुळे पाण्याचा कडकपणा वाढला. कारखानदाराने ते पाणी पुढच्या बाथला (रंगाच्या टाकीत) घेतलं आणि रंग डागडागी चढून अख्खा लॉट वाया गेला. त्याने शेवटचा 40 टक्क्यांचा हप्ता अडवला. करारातल्या भाषेप्रमाणे त्याचं काही चुकलं नव्हतं.

रसायनशास्त्रात कुणी चुकलं नव्हतं. चूक होती ती व्याप्तीच्या परिच्छेदात. तो असा हवा होता: इक्वलायझेशन टँकमधून (जिथे सगळं सांडपाणी एकत्र होतं ती टाकी) घेतलेल्या 12 नमुन्यांवर तीन पद्धतींची तुलना, मोजमापं चार, म्हणजे रंग, सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी), टीडीएस आणि पीएच, नमुना कंपनीचा माणूस आणून देईल, ठरल्या मुदतीत लेखी अहवाल. त्याखाली स्पष्ट ओळ: "विशिष्ट निकालाची हमी नाही, पाणी प्रक्रियेत वापरण्याचा निर्णय कंपनीचा." हप्तेही निकालाला बांधू नयेत. सहीच्या वेळी 40 टक्के, मधल्या अहवालावर 40 आणि अंतिम अहवाल पोचल्यावर 20, अशी वाटणी मला योग्य वाटते. शेवटचा हप्ता जितका मोठा, तितका तो अडण्याचा संभव जास्त.

पेटंटच्या आधी पोस्टर

याच प्रकरणाचं दुसरं अंग. प्रकल्पावरच्या विद्यार्थ्याने फेब्रुवारीतल्या एका परिषदेत पोस्टर लावलं. सारांशाच्या पुस्तकात मात्रा, पीएच, वेळ सगळं छापून आलं. मे महिन्यात कंपनीला पेटंट सुचलं, पण पेटंटला लागणारं नावीन्य तोवर स्वतःच्याच हाताने संपवलेलं होतं. भारतीय पेटंट कायद्यात 12 महिन्यांची एक सवलत आहे. ती अधिसूचित प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा ठरावीक प्रसंगांपुरतीच आहे, आणि तिच्या भरवशावर राहिलात तर युरोपचं दार बंद होतं. त्यामुळे ही सवलत नाहीच असं धरून चालावं.

उपाय काही कठीण नाही. सारांश पाठवण्यापूर्वी तात्पुरत्या विनिर्देशासह (शोधाच्या प्राथमिक वर्णनासह) पेटंटचा अर्ज दाखल करा. ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क शैक्षणिक संस्थेला 1,600 रुपये पडतं, 2021 च्या दुरुस्तीने संस्थांना 80 टक्के सवलत मिळाली ती हीच. त्यानंतर पूर्ण विनिर्देश द्यायला 12 महिने मिळतात. अर्ज क्रमांक हातात आला की पोस्टर खुशाल लावा.

विद्यार्थ्याचं हे प्रकरण इथे संपत नाही. तो विद्यापीठाचा नोकर नाही. त्याने लावलेल्या शोधाचा हक्क आपोआप विद्यापीठाकडे किंवा कंपनीकडे जात नाही. हस्तांतरण लेखी लागतं, आणि ते तो रुजू होताना घ्यायचं. नोकरी लागून पुण्याला गेल्यावर त्याच्या मागे फिरण्यात अर्थ नाही. दुसरं, पीएच.डी.ची मौखिक परीक्षा खुली असते आणि प्रबंध शोधगंगा या खुल्या ऑनलाइन संग्रहावर जातो. "कोणतीही माहिती कधीही उघड करणार नाही" अशा गोपनीयता कलमावर सही करून त्याच विषयावर विद्यार्थ्याची नोंदणी करणं म्हणजे त्याची तीन ते सहा वर्षं पणाला लावणं. कंपनीला हस्तलिखित वाचायला 30 दिवस द्या, पेटंटसाठी प्रकाशन जास्तीत जास्त 90 दिवस थांबेल असं लिहा. नकाराधिकार मात्र देऊ नका. रसायनांच्या प्रमाणाचे आकडे कंपनीचे असतील तर ते वेगळ्या परिशिष्टात ठेवा आणि प्रबंधात नमुन्यांना सांकेतिक क्रमांक द्या. कंपनी याला तयार नसेल तर त्या विषयावर पगारी तंत्रज्ञ घ्या, विद्यार्थी नको.

जीएसटी धरून की सोडून?

"एकूण पाच लाख" असं लिहून मोकळे होऊ नका. कर धरून पाच लाख असतील आणि 18 टक्के लागू झाला, तर मूळ रक्कम 4,23,729 आणि कर 76,271. त्यावर विद्यापीठाने 20 टक्के ओव्हरहेड (संस्थेचा प्रशासकीय खर्च) कापलं तर हातात राहतात 3,38,983. तुम्ही अंदाजपत्रक चार लाखांचं केलेलं असतं. फरक 61,000 रुपयांचा, म्हणजे एखाद्या सहायकाचे काही महिने. करारात "अधिक लागू असलेला जीएसटी" एवढे शब्द हवेत. 10 ऑक्टोबर 2024 पासून अनुदान म्हणून मिळालेल्या रकमेवरच्या संशोधन सेवेला सूट आहे. ती शासकीय संस्थांना आणि आयकर कायदा, 1961 च्या कलम 35 खाली अधिसूचित असलेल्या विद्यापीठ-महाविद्यालयांना. आपली संस्था त्यात बसते का, आणि कागदावर "अनुदान" आहे की चाचणी-सल्ल्याची फी, हे लेखा विभागाकडून लेखी घ्या. फीला अनुदान म्हणून दाखवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

"आम्ही डॉक्टर नाही, एथिक्स कमिटी कशाला?"

हे वाक्य सामाजिक शास्त्रं, गृहविज्ञान, संख्याशास्त्र या विभागांत सर्रास ऐकू येतं, आणि त्याचा त्रास अशांना होतो ज्यांना तक्रार कुठे करायची तेही माहीत नसतं.

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार महिलांच्या फुप्फुसांची क्षमता मोजायची आहे असं धरा. औषध नाही, सुई नाही, फक्त नळीत फुंकर. तरीही ते आरोग्य संशोधनच आहे आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं त्याला लागू होतात. पहिल्या बाईंकडे जाण्याआधी एथिक्स (नैतिकता) समितीची मंजुरी हवी. गोळा झालेल्या माहितीला मागाहून मंजुरी मिळत नाही आणि चांगलं नियतकालिक तो लेख घेत नाही. कॉलेजात समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत समितीशी लेखी करार करून तिच्याकडे जाता येतं. समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, बैठका रोज होत नाहीत. वेळापत्रकात तीन महिने धरा. घाईवाल्यांना हे तीन महिने वाया गेलेले वाटतात. त्याच काळात संमतीपत्रकाचं भाषांतर होतं, प्रश्नावली तपासून होते, यंत्राचं कॅलिब्रेशन होतं.

संमतीपत्रक हा तर सोलापूरचा खास प्रश्न. विडी वळणाऱ्या अनेक घरांत तेलुगू बोलतात. शहरात कन्नड आणि उर्दूही आहे. मराठी पत्रकावर अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. तेलुगूत भाषांतर करा, दुसऱ्या माणसाकडून ते उलट मराठीत करून घ्या आणि दोन्ही मजकूर ताडून बघा. वाचता येत नसेल तर प्रकल्पाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा; त्याच्यासमोर वाचून दाखवायचं, बाईंचा अंगठा, साक्षीदाराची सही, आणि पत्रकाची एक प्रत त्यांच्याच हातात द्यायची. कारखान्याच्या मुकादमाला साक्षीदार करणं सगळ्यात वाईट. माल घेणारा आणि नापास करणारा माणूस समोर उभा असताना नाही म्हणायची सोय कुणाला उरते?

मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणून तुमचा एक तास म्हणजे त्यांची तेवढी कमाई गेली. ही भरपाई अंदाजपत्रकात दाखवा आणि समितीकडून मंजूर करून घ्या. ती इतकी मोठीही नको की पैशासाठीच हो म्हणावं लागेल. आणि पैसा तंबाखू उद्योगातून येत असेल तर ते समितीला, पत्रकात आणि लेखात, तिन्ही ठिकाणी सांगा.

सरकारी अनुदान आणि मार्चएंड

अ‍ॅडव्हान्स दिला म्हणजे खर्च झाला, असं यूसीत (निधी विनियोग प्रमाणपत्रात) दाखवू नका. यंत्राची ऑर्डर गेली पण यंत्र आलं नाही, तर ती रक्कम "बांधील" म्हणून वेगळी दाखवायची. जीएफआर 2017 (केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) च्या 12-ए नमुन्यात मिळालेली रक्कम, व्याज, खर्च, शिल्लक असं सगळं येतं, आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत ते गेलं पाहिजे. व्याज तुमचं नाही. नियम 230(8) प्रमाणे हिशेब पूर्ण झाल्यावर ते केंद्राच्या खात्यात परत जातं. त्यातून झेरॉक्स काढल्या तरी आक्षेप येतो. माझी सवय म्हणजे दर महिन्याच्या पाच तारखेला लेखा विभागाचं लेजर आणि स्वतःची वही हेडनिहाय (खर्चाच्या शीर्षानुसार) ताडणं. एप्रिलमध्ये बसून वर्षाचं लेजर जुळवणाऱ्यांची व्हाउचर हमखास हरवलेली असतात.

थोडक्यात सांगण्यासारखं काही:

केमिकल्सच्या हेडमधून लॅपटॉप घेऊ नका. हेडबदलाला आधी निधी देणाऱ्या संस्थेची परवानगी लागते.

जेआरएफचं (प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधन छात्राचं) घरभाडं पुण्याच्या दराने धरू नका. घरभाड्यासाठीच्या केंद्राच्या यादीत सोलापूर वाय वर्गात आहे, पुण्याच्या खालच्या.

करारात वाद सोडवण्याचं ठिकाण मुंबई किंवा दिल्ली असेल तर सोलापूर करून मागा. नाही मिळालं तरी मागितल्याची ईमेल फायलीत ठेवा.

बायको, भाऊ, जावई कंपनीत असेल तर आधी लेखी कळवा.

डाळिंबाच्या बागेतले जिवाणू किंवा देशी वाणाचं साहित्य परदेशी नियंत्रणातल्या कंपनीला देण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते का, हे विचारा. कुरियर झाल्यावर विचारून उपयोग नाही.

मुख्य संशोधक निवृत्त होणार असेल तर सहसंशोधकाचं नाव करारातच घाला. निवृत्तीच्या महिन्यात बदल सुचवला की निधी थांबतो, जेआरएफचा पगार अडकतो आणि यंत्र कुणाच्या डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) आहे यावर दोन विभाग पत्रं लिहीत बसतात. यंत्र आल्याच दिवशी त्याची नोंद करा: बिल क्रमांक, सीरियल नंबर, निधी देणाऱ्या संस्थेचं नाव, आणि प्रकल्प संपल्यावर यंत्र कुणाचं, हे सांगणाऱ्या कलमाचा क्रमांक.