पाणी सुरक्षित ठेवणारं प्लंबिंग: काम कसं करावं

गळती थांबली की प्लंबरचं काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. पाण्याची स्वच्छता सांभाळणाऱ्या प्लंबरचं काम तिथून पुढे सुरू होतं. थेंबभरही न गळणाऱ्या लाईनमधलं पाणी अपायकारक असू शकतं, आणि रंगावरून किंवा वासावरून ते कळेलच असं नाही. जोड, उतार, दाब यांवर आधी हात बसू द्या. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

१. पान्हा ठेवा आणि इमारत फिरा

पाणी कुठून येतं, टाकीत किती वेळ राहतं, शेवटचा नळ कोणता, हे हातानेच कागदावर काढा. मूळ नकाशा मिळाला तरी त्यावर विसंबू नका. नंतरच्या दुरुस्त्या त्यावर क्वचितच कोणी उतरवतं. तुम्ही शोधताय ते थांबलेलं पाणी: कुणी न वापरणारा शॉवर, गरजेपेक्षा मोठी टाकी, काढून टाकलेल्या बेसिनची बूच मारलेली लाईन. ही लाईन थेट टी-पाशी, म्हणजे मुख्य लाईनमधून फाटा फुटतो त्या जोडापाशी कापा. वीतभर तुकडा मागे ठेवणं सोपं जातं, पण जंतू वाढतात ते त्याच तुकड्यात. न वापरातले नळ आठवड्यातून एकदा तरी वाहू द्या. शॉवर असेल तर तुषार न उडवता, हळूच.

२. थर्मामीटर खिशात ठेवा

१९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं. तिथे आलेले लोक न्यूमोनियाने आजारी पडले, अनेक दगावले. कारण ठरलेला जंतू, लिजिओनेला, पुढच्या वर्षी सापडला. त्याची लागण मुख्यतः श्वासातून आत जाणाऱ्या सूक्ष्म तुषारांमुळे होते, म्हणून ‘आम्ही ते पाणी पीत नाही’ हे उत्तर पुरत नाही. २० ते ४५ अंश सेल्सिअस हा त्याच्या वाढीचा पट्टा. गरम पाणी ६० अंशांवर साठवा. नळ उघडल्यावर मिनिटभरात ५० अंश मिळायला हवेत. गार पाणी शक्यतो २० च्या खाली ठेवा. उष्ण हवेत ते जमत नाही. तिथे टाकीला सावली द्या, पाणी लवकर बदलत राहील असं पाहा आणि क्लोरीन तपासत राहा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, म्हणून गरम-गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह नळाच्या शक्य तितक्या जवळ बसवा.

३. पाणी उलटं फिरू देऊ नका

बादलीत बुडालेला रबरी पाईप निरुपद्रवी दिसतो. लाईनचा दाब पडला की तोच बादलीतलं पाणी आत ओढतो. १९३३ साली शिकागोच्या हॉटेलांत सदोष प्लंबिंगमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि आमांशाची साथ पसरली. सगळ्यात भरवशाचा उपाय हवेची मोकळी जागा, कारण तिच्यात बिघडण्यासारखं काहीच नसतं. नळाचं तोंड भांड्याच्या काठापासून तोंडाच्या व्यासाच्या निदान दुप्पट उंच ठेवा. घाण पाण्याचा धोका असेल तिथे नुसत्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर) मी तरी भिस्त ठेवणार नाही.

४. टाकी धुऊन निर्जंतुक करा

आधी गाळ काढा. गाळावर क्लोरीन वाया जातं. मोठ्या टाकीत एकट्याने उतरू नका, बाहेर माणूस हवाच. आधी ॲसिड वापरलं असेल तर त्याचा अंशही उरू देऊ नका, कारण क्लोरीनशी मिळून विषारी वायू होतो.

क्लोरीनची प्रचलित मात्रा लिटरमागे ५० मिलिग्रॅम, तासभर. म्हणजे १,००० लिटर पाण्याला ५० ग्रॅम क्लोरीन. त्यासाठी हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रावण, लिटरमागे १०० ग्रॅम क्लोरीन असलेलं, अर्धा लिटर लागतं. जुन्या द्रावणाची ताकद उतरलेली असते, तारीख पाहा. गीझर बंद करा, सगळ्यांना आगाऊ सांगा, नळांवर पाट्या लावा. मग टाकीजवळच्या नळापासून सुरुवात करून प्रत्येक नळावर क्लोरीन पोचल्याची चाचणी-पट्टीने खात्री करा. तासानंतर क्लोरीन लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली उतरलं असेल तर पुन्हा सगळं. शेवटी नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत लाईन धुऊन काढा.

५. नमुना आणि नोंद

नमुन्याची निर्जंतुक बाटली विसळू नका. तळाची चिमूटभर पूड क्लोरीन निकामी करण्यासाठीच असते. बाटली काठोकाठही भरू नका, हलवायला जागा ठेवा. तापमान, क्लोरीन, तारीख आणि कोणता नळ हे तिथल्या तिथेच वहीत उतरवा.