पहिल्या मोटारसायकलचे पैसे भरताना या चुका टाळा

गाडी बघायला गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला प्रश्न येतो, "महिन्याला साधारण किती जमेल?" विचारणाऱ्याचा सूर काळजीचा असतो. पण तुम्ही आकडा सांगितला की सौदा तिथेच फिरतो. त्या आकड्यात जवळपास कोणतीही गाडी बसवता येते, फक्त मुदत लांबवायची. म्हणून पैसे कसे भरायचे हे घरी, कागदावर, गाडी पसंत करण्याआधी ठरवा. पसंत केल्यावर हिशोब होत नाही, समर्थन होतं.

आणखी एक गोष्ट आधीच मनात ठेवा. पहिली गाडी बहुधा शेवटची नसते. शिकताना ती एकदा तरी आडवी होते, टाकीवर ओरखडे येतात, आरसा तुटतो. थोड्या दिवसांनी कळतं की आपल्याला ती जड जाते, किंवा रोजच्या वापराला ताकद कमी पडते, किंवा आपल्याला मोटारसायकल चालवायला मुळात आवडतच नाही. यातलं काहीही झालं तरी गाडी विकता येते. कर्ज मात्र तसं सुटत नाही. तेव्हा माझं मोजमाप एकच: ही गाडी आपल्याकडे किती काळ राहील असं वाटतं, त्याच्या आत कर्ज संपलं पाहिजे.

हप्ता परवडतो, म्हणजे गाडी परवडते असं समजणं

समजा १,००,००० चं कर्ज आहे, वर्षाला १२ टक्के, घटत्या शिलकीवर, म्हणजे जेवढं मुद्दल बाकी तेवढ्यावरच व्याज. दोन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे ४,७०७ आणि एकूण व्याज सुमारे १२,९७६. तेच चार वर्षांसाठी घेतलं तर हप्ता २,६३३ वर येतो, व्याज मात्र २६,४०० च्या पुढे जातं. हप्ता निम्म्यावरही आला नाही आणि व्याज दुपटीहून जास्त झालं.

व्याजापेक्षा मला यातली दुसरी बाजू जास्त खटकते. चार वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातले १,००० व्याजातच जातात. दोन वर्षं इमानेइतबारे भरलं, म्हणजे अर्धी मुदत संपली, तरी जवळपास ५५,९०० मुद्दल बाकी असतं. दरम्यान गाडीची किंमत उतरत असते, आणि नव्या गाडीची तर सुरुवातीलाच जास्त उतरते. त्यामुळे लांब मुदतीच्या कर्जात असा काळ येतो की गाडी विकून जेवढे मिळतील त्याहून देणं जास्त असतं. नेमकी याच काळात गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर चोरी आणि नुकसान भरून देणारा विमाही सहसा त्या वेळच्या किमतीच्या हिशोबाने पैसे देतो, तेही आधी कर्ज देणाऱ्याला. उरलेलं देणं तुमच्या माथी, आणि दारात गाडी नाही.

दोन वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर मुदत वाढवू नका, गाडी बदला. कमी किमतीची घ्या, वापरलेली घ्या, नाहीतर थोडं थांबा.

दर विचारणं, पण पद्धत न विचारणं

"फक्त १० टक्के" ऐकून मान डोलावणारे बरेच. कशावर १० टक्के, हे विचारणारे थोडे. फ्लॅट पद्धतीत व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर लागतं, तुम्ही निम्मं मुद्दल फेडलं असलं तरीही. १,००,००० वर १० टक्के फ्लॅट, तीन वर्षं, म्हणजे ३०,००० व्याज आणि ३,६११ चा हप्ता. हेच १० टक्के घटत्या शिलकीवर असतील तर हप्ता ३,२२७ आणि व्याज १६,१६० च्या आसपास. उलट बाजूने पाहिलं तर तो १० टक्के फ्लॅट दर घटत्या शिलकीच्या भाषेत जवळजवळ १८ टक्के होतो. सांगणारा खोटं बोलत नसतो. तो अर्धंच सांगतो.

प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च, आगाऊ घेतलेले हप्ते यांनीही खरा दर वर चढतो. पहिले दोन हप्ते आधीच कापून घेतले तर तेवढी रक्कम तुम्हाला वापरायला मिळतच नाही, व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागतं. टक्क्यांच्या घोळात पडायचं नसेल तर एक सरळ बेरीज करा: डाउन पेमेंट, सगळे हप्ते, सगळी फी. त्यातून आज रोख भरली तर लागणारी किंमत वजा करा. उरेल तो कर्जाचा खरा खर्च. दोन योजनांची तुलना याच आकड्यावर करा, फक्त मुदत सारखी घ्या. आणि गाडी विकणाऱ्याने सुचवलेल्या कर्जाखेरीज निदान एका बँकेचा किंवा पतसंस्थेचा दर आधी हातात ठेवा. हातात दुसरा कागद दिसला की समोरचा दर कसा खाली येतो, ते पाहण्यासारखं असतं.

शून्य टक्क्याला भुलणं

गाडीची किंमत १,००,०००. रोख दिले तर ५,००० सूट. शून्य टक्के व्याजाने बारा हप्त्यांत घेतली तर सूट नाही, शिवाय सुरुवातीला २,००० फी. म्हणजे रोख ९५,००० की योजनेत १,०२,०००? हा ७,००० चा फरक व्याजाच्या रूपात मांडला तर वर्षाला साडेतेरा टक्क्यांच्या आसपास जातो. शून्य कुठे गेलं ते शोधत बसा.

प्रत्येक योजना अशी नसते. रोख सूट खरोखरच मिळत नसेल आणि फीही नसेल, तर शून्य टक्के खुशाल घ्या. फक्त हप्ता चुकल्यावर काय होतं, एवढं कागदावर वाचा. लहान हप्ते आणि शेवटी एक मोठी रक्कम अशी योजना असेल, तर ती शेवटची रक्कम कुठून आणणार हे आज लिहिता आलं पाहिजे. लिहिता येत नसेल तर ती योजना सोडा.

सगळी शिल्लक ओतून रोख भरणं

कर्ज नको हा विचार चांगलाच. पण रोख भरून खातं रिकामं केलं आणि दोन महिन्यांत नोकरी किंवा तब्येत डळमळली, तर मग जे कर्ज घ्यावं लागतं ते गाडीच्या कर्जापेक्षा बहुधा महाग असतं. क्रेडिट कार्डावर रक्कम ठेवून दरमहा फक्त किमान भरणा करणं, हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार. किमान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला राहत असेल तरच पूर्ण रोख द्या. नाहीतर मोठं डाउन पेमेंट आणि छोट्या मुदतीचं कर्ज हा मधला मार्ग मला जास्त पटतो.

गाडीपुरतेच पैसे मोजणं

ही चूक सगळ्यात सर्रास होते, आणि हिची किंमत पैशात मोजता येत नाही. सगळं बजेट गाडीत जातं आणि हेल्मेट उरलेल्या चिल्लरमध्ये येतं. हातमोजे, जॅकेट, घोटा झाकणारे बूट "नंतर बघू" म्हणून राहतात. नवशिक्या माणूस पडण्याची शक्यता सुरुवातीलाच जास्त, आणि नेमका त्याच काळात तो साध्या चपलांवर फिरतो. सामानाचा आकडा आधी बाजूला काढा, उरेल त्यात गाडी शोधा.

त्याच कागदावर नोंदणी, कर, विमा, पहिली सर्व्हिसिंग, इंधन, टायर आणि चेन-स्प्रॉकेट लिहा. विम्याची चौकशी गाडी ठरवण्याआधी करा. दोन गाड्यांच्या किमती सारख्या असल्या तरी विमा सारखा असेलच असं नाही, आणि बऱ्याच ठिकाणी तरुण किंवा नवशिक्या चालकाला जास्त भरावं लागतं. वाढीव वॉरंटी, पॉलिश, कर्जाचा विमा अशा गोष्टी कर्जात मिसळून दिल्या जातात. "हप्त्यात फक्त थोडाच फरक पडतो" असं म्हणतात, पण त्यांच्यावरही व्याज लागतं. नको ते खोडून नवा हिशोब मागा.

एक सोपी चाचणी आहे. गाडी घेण्याआधी तीन महिने, होणारा हप्ता आणि चालवण्याचा खर्च दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. जमलं तर डाउन पेमेंट वाढलं. नाही जमलं तर ते गाडी येण्याआधीच कळलं.

दुसऱ्याच्या नावावर कर्ज

स्वतःला कर्ज मिळत नाही म्हणून मित्राच्या नावावर घेऊ नका. हप्ता चुकला तर नाव त्याचं खराब होतं, आणि गाडी खरं तर कोणाची व कोण चालवतो हे लपवलेलं असेल तर विम्याचा दावा अडकू शकतो. घरच्यांकडून उसने घेणार असाल तर रक्कम आणि परतीच्या तारखा लिहून काढा. घरात लिहिणं अवघड वाटतं, पण न लिहिलेलं पुढे जास्त अवघड होतं. वापरलेली गाडी घेताना तिच्यावर आधीचं कर्ज आहे का ते नोंदणीच्या कागदावर तपासा. असेल तर विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे देऊ नका. त्याचं कर्ज बंद झाल्याचं पत्र आल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नका.

चूक आधीच झाली असेल तर

हप्ता चुकणार असं दिसलं की तारखेच्या आधी फोन करा. पगार पाच तारखेला आणि हप्ता एक तारखेला, एवढीच अडचण असेल तर तारीख बदलून मिळू शकते. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की कर्ज देणारा आणि तुमची बँक, दोघेही दंड लावू शकतात. मुदत वाढवून मिळत असेल तर वाढणारं व्याज आधी विचारा.

दर जास्त पडला असं लक्षात आलं, तर आजच्या तारखेला कर्ज बंद करायला किती लागतील ते लेखी मागा. मुदतीआधी फेडण्याचा दंडही त्यात धरलेला असू दे. तो आकडा मिळाला की दुसरीकडून स्वस्त कर्ज घेऊन हे फेडणं परवडतं का ते स्पष्ट दिसतं. जास्तीचे पैसे भरणार असाल तर ते मुद्दलात वळते होतील याची खात्री करा, आणि हप्ता कमी करण्याऐवजी मुदत कमी करून मागा. कर्ज फ्लॅट पद्धतीचं असेल तर आधी फेडून किती वाचतं ते विचारूनच पैसे भरा. कधी कधी फारसं वाचत नाही.

गाडी झेपतच नसेल तर ती ओढून नेली जाण्याची वाट पाहू नका. लिलावात सहसा कमी किंमत येते, त्यावर जप्तीचा खर्च चढतो आणि उरलेलं देणं तुमच्याच नावावर राहतं. कर्ज देणाऱ्याला कळवून स्वतः विकलीत तर थोडी तूट सोसावी लागेल, पण ती किती हे तुम्हाला आधी माहीत असेल.

शेवटचा हप्ता गेला की बरेच जण कागद कपाटात टाकून मोकळे होतात. देणं बाकी नसल्याचं पत्र घ्या, नोंदणीवरून कर्ज देणाऱ्याचं नाव काढून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. हे राहिलं तर गाडी विकायच्या दिवशी, गिऱ्हाईक समोर उभं असताना आठवतं.