पाड्याचं वजन करताना आधी आईकडे बघा

गणेश चवथ झाली, पाऊस ओसरतोय. मे-जूनमध्ये जन्मलेली वासरं चार-पाच महिन्यांची झाली आहेत, डिसेंबरच्या आसपास त्यांचं दूध तुटेल. तेव्हा जो पाडा दांडगा दिसेल तोच वळूसाठी ठेवायचा, असा आपल्याकडे रिवाज. तिथे थोडं थांबा.

दूध तुटतानाच्या वजनात वासराचं रक्त असतंच, पण आईच्या दुधाचा वाटाही मोठा असतो. अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गाईचं सगळं दूध वासरूच पितं. तरीही तिथे वजन २०५ दिवसांच्या वयाच्या हिशेबाला आणून, आईचं वय धरून मगच तुलना करतात, कारण पहिलारू गाय दूध कमी देते. आपण तर पिळूनही घेतो. दोन सड वासराला सोडणाऱ्याचा पाडा आणि एकच सोडणाऱ्याचा, यांची बरोबरी कशी करणार?

चाऱ्याचंही तसंच. कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, पाण्यावर नेपियर गवत पिकवणाऱ्याकडे दुधाळ गाईचं वासरू भराभर वाढतं. तीच गाय सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, सोडली तर दिवाळीनंतर गवत वाळतं, ती अंगातलं झिजवून दूध देते, बरगड्या दिसू लागतात आणि माजावर यायला उशीर करते. वासरू गुबगुबीत, पण पुढचं वर्ष भाकड! सड्यावर चरणाऱ्यांनी जास्त दुधाच्या मागे लागू नये, असं माझं मत. बेताच्या दुधाची आपली गोव्याची देशी गाय, श्वेतकपिला, तिथे परवडते.

वजनकाटा नसेल तर शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ३६, लांबी ३२ आली तर साधारण ६३ किलो. अंदाजच तो, पण दर महिन्याला त्याच हाताने मोजलात तर वाढ कळते.

पोट सुटलेलं आणि केस राठ असतील तर जंत बघा. गोल जंताच्या अळ्या आईच्या दुधातूनही येतात, म्हणून पहिलं जंतनाशक दुसऱ्या आठवड्यातच, डॉक्टरांना विचारून.

आता गाभण असलेल्या गाईला शेवटचे दोन महिने पिळू नका, पेंड वाढवा. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या तीन महिन्यांतच होते. व्याल्यावर तासाभरात चीक पाजा, पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, दोन-तीन वेळा विभागून.

जन्मतारीख, आईचं वेत, किती सड सोडले आणि टेपचे आकडे लिहून ठेवा. वही नसेल तर गोठ्याच्या दारामागे खडूने. फक्त पुढच्या चवथीच्या रंगकामात ते पुसलं जाणार नाही एवढं बघा.