टीमला ठरलेल्या वारी फीडबॅक कसा द्यावा

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये साहेबांनी कुणाला केबिनमध्ये बोलावलं, की बाकीचे एकमेकांकडे बघतात. आज कुणाची तरी बिनपाण्याने होणार! फीडबॅकचा वार ठरलेला असला की ही धास्ती बरीच कमी होते, कारण आज त्याचा नंबर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आधी वार आणि वेळ पक्की करा. पंधरा दिवसांतून एकदा, माणशी पंधरा मिनिटं पुरतात. डिस्पॅचचा दिवस टाळा. पाळी सुटतानाही नको. तासगावची एसटी गाठायची असलेल्या माणसाचं लक्ष घड्याळाकडेच राहणार. बेदाण्याचं काम असेल तर हंगामात दहा मिनिटांवर भागवा, पण रद्द करू नका.

प्रत्येकाच्या नावाने वहीत एक पान ठेवा आणि जे दिसलं ते त्याच दिवशी टिपा. ऐनवेळी आठवायला गेलं की फक्त कालचं भांडण आठवतं.

आता बोलणं. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेची पद्धत सोपी आहे: प्रसंग, वागणूक, परिणाम. ‘तू निष्काळजी आहेस’ म्हणून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी, ‘गुरुवारी दुसऱ्या पाळीत पहिला जॉब मापाच्या गेजवर न तपासता मशीन चालू ठेवलंस. बारा बुश रिजेक्ट झाले, गाडी दोन तास थांबली.’ एवढं बोलून गप्प बसा. गेज कपाटात होतं आणि किल्ली पहिल्या पाळीच्या सुपरवायझरबरोबर घरी गेली होती, असं कदाचित तेव्हाच कळेल. मग दुरुस्ती तुमच्याकडे! ऑपरेटर वयाने मोठे असतील तर ‘अण्णा, तुम्ही’ म्हणूनही हे सांगता येतं. खुर्ची मोठी म्हणून एकेरीवर येऊ नये. कौतुकही असंच नेमकं करा. नुसतं ‘भारी काम’ ऐकून नक्की काय भारी होतं ते कळत नाही.

‘माझ्याबद्दल काय?’ असं विचारलंत तर ‘काय नाय साहेब, सगळं बरं हाय’ हेच ऐकायला मिळेल. ‘या आठवड्यात कशापायी थांबायला लागलं?’ असं विचारून बघा.

पगारवाढ आणि दिवाळी बोनस या बैठकीत आणू नका. आकड्याचा विषय निघाला की बाकीचं कानावरून जातं. अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने तर 2012 मध्ये वार्षिक अप्रेझल, म्हणजे वर्षातून एकदाचं कामाचं मूल्यमापनच बंद करून वर्षभर अधूनमधून बोलण्याची पद्धत आणली.

उठण्याआधी कुणी काय करायचं ते एका ओळीत लिहा, तुमच्या वाट्याचंही. पुढची बैठक त्याच ओळीपासून सुरू करा. किल्लीची सोय झाली नसेल, तर आधी ते सांगा.